पाच व्होल्ट, एक अँपिअर

काचीगुडा, बरकतपुरा, इसामिया बाजार या भागांत काही जुनी दगडी घरं अजून उभी आहेत. हातभर रुंद भिंती, उंच छत, वर हवा खेळायला झरोके. मे महिन्यात हैदराबाद तापतं तेव्हा या भिंतींची किंमत कळते. वाय-फायसाठी मात्र ही घरं अवघड. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. ५ची पट्टी वेगवान, पण जाड भिंत आली की तिचा जोर संपतो. २.४ची भिंतीपलीकडे पोचते, पण तिच्यावर शेजाऱ्यांच्या राउटरांची, ब्लूटूथची, स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचीही गर्दी असते. माझ्या आत्याच्या काचीगुड्यातल्या घरी फायबरची पेटी रस्त्याकडच्या खोलीत आणि टीव्ही माजघरात. मधली भिंत दगडाची. टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावायची ठरली तेव्हा मला पहिली काळजी त्या भिंतीची होती.

आत्याचं माहेर परभणीचं. लग्न होऊन ती मनमाडच्या गाडीने काचीगुड्याला उतरली आणि स्टेशनापासून चालत जाता येईल अशा अंतरावरच तिचा संसार झाला. घरात मराठी, दारात दखनी, बाजारात तेलुगू, हे तिच्या तोंडी इतकं रुळलंय की भाषा बदलल्याचं तिचं तिलाही जाणवत नाही. टीव्हीवर मात्र तिला मराठीच लागतं. कीर्तनं हवीत, जुनी नाटकं हवीत, मराठवाड्याची बातमी हवी. २०२४मध्ये मानवतच्या हत्याकांडावर मालिका आली, तेव्हा तिने मला मुद्दाम फोन केला. सत्तरच्या दशकात तिच्याच जिल्ह्यात घडलेलं ते प्रकरण, आणि त्या वेळी तिच्या वाट्याला आल्या होत्या फक्त वर्तमानपत्रातल्या चार ओळी आणि गावाकडून येणाऱ्यांच्या तोंडच्या भयंकर गोष्टी. ‘आता तरी नीट कळू दे मला,’ म्हणाली. तिच्या टीव्हीला एचडीएमआयचं तोंड आहे, पण तो स्वतः इंटरनेटला जोडला जात नाही. म्हणून स्टिक.

बसवायला मी गेले खरी, पण काम हाती घेतलं आतोबांनी. आतोबांची सगळी नोकरी कुशाईगुड्याकडच्या ईसीआयएलमध्ये झाली. १९६७ साली अणुऊर्जा खात्याने स्थापन केलेल्या या सरकारी कंपनीने पुढे ‘ईसी टीव्ही’ या नावाचे कृष्णधवल संच बनवले आणि ते देशभर घराघरांत गेले. आतोबा चाचणी विभागात होते. संच समोर आला की दोष कुठे आहे ते शोधायचं, एवढंच काम वर्षानुवर्षं. त्यांची एक पद्धत आहे, ती ते कुणालाही सांगतात. विजेपासून पडद्यापर्यंतची वाट डोळ्यांसमोर आणायची, तिच्या बरोबर मध्यावर तपासायचं. तिथपर्यंत ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर संच सुरू होईल, पण काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि जे कळलं नाही ते परत बिघडणार.

मला या पद्धतीचं फार मोल वाटतं. आपल्याकडे हल्ली ‘बंद करून चालू करा’ हा एकच उपाय उरलाय. तो पुष्कळदा लागू पडतो हेही खरं. पण त्याने दोष झाकला जातो आणि माणूस त्या डबीपुढे कायमचा परका राहतो.

आमची स्टिक लावली, चित्र आलं, भाषा विचारली, वाय-फायचा परवलीचा शब्द घेतला, आणि पाच-सात मिनिटांनी पडदा काळा होऊन ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. असंच होत राहिलं. मी राउटरकडे धावणार तेवढ्यात आतोबा म्हणाले, ‘थांब पोरी. जे मूळ चिन्हापासून पुन्हा सुरू होतं, त्याला वीज पुरत नाही. नेट नसतं तर ते सुरू राहून नेट नाही म्हणालं असतं.’ बसवताना सोईचं म्हणून स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी तोंडात खोचली होती. साध्या यूएसबी तोंडातून अर्धा अँपिअर मिळेल एवढाच भरवसा असतो, आणि या स्टिकच्या अडॅप्टरवर स्पष्ट छापलेलं होतं, ५ व्होल्ट, १ अँपिअर. मेनू दाखवण्यापुरती ती वीज पुरे. चित्रपट उलगडायला घेतला, वाय-फायने जोर केला, की व्होल्ट खाली येतात आणि आतला संगणक मान टाकतो. आतोबांनी तिचा स्वतःचा अडॅप्टर भिंतीत लावला. पुन्हा सुरू होणं थांबलं. खोक्यात एचडीएमआयची एक वीतभर तार होती, ती फेकायची नसते हेही त्यांनी सांगितलं. तिच्यामुळे स्टिक टीव्हीच्या धातूच्या पाठीपासून दूर राहते, तापत नाही आणि तिला वाय-फाय नीट ऐकू येतं.

ज्या माणसाने आयुष्य उघड्या संचांवर काढलं, त्याला न उघडणारी ही डबी उदास करील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ते तिच्या वागण्यावरून तिच्या आत शिरत होते. रिमोट चालेना तेव्हा त्यांनी माझा फोन मागितला, कॅमेरा उघडायला सांगितला आणि रिमोटचं टोक त्यावर रोखून टीव्हीचं बटण दाबलं. पडद्यावर जांभळा ठिपका लुकलुकला. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो. मग घराचं चित्र असलेलं बटण दाबलं, तर ठिपका नाही. म्हणजे टीव्हीशी हा रिमोट प्रकाशाने बोलतो आणि स्टिकशी ब्लूटूथने. सेल ठीक होते, नातं तुटलं होतं. तेच बटण दहा-बारा सेकंद दाबून धरलं आणि ते जुळलं.

त्या दुपारी चहा घेताना ते जुन्या कामाबद्दल बोलत बसले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्याला वर्षभरासाठी मिळाला होता, आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत त्यावरून थेट कार्यक्रम दाखवले गेले. गावात बसवायचे संच हैदराबादेत ईसीआयएलमध्ये तयार झाले. छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची थाळी. जिथे वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथे आकाशातून चित्र उतरलं. तेलुगूत, कन्नडमध्ये, हिंदीत, ओडियात. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, म्हणून मराठी नव्हती. संच तपासणाऱ्या आतोबांच्या घरची भाषा त्या संचांतून कधी निघाली नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला मात्र ते लागलं.

या शहरातल्या मराठी माणसाला आपली भाषा हवेतून मिळायची ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या मर्जीने. १९३५ साली निजामाच्या राज्यात दख्खन रेडिओ सुरू झाला. मुख्य भाषा उर्दू, आणि राज्यातल्या तेलुगू, मराठी, कन्नड या भाषांना त्यात आपापला वाटा. मराठवाडा याच राज्यात होता, विवेकवर्धिनीसारखी शाळा इथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच उभी राहिली होती, तेव्हा मराठी ऐकणारे कमी नव्हते. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादची मराठी माणसं जिथे होती तिथेच राहिली. १९७७मध्ये इथलं दूरदर्शन केंद्र सुरू झालं ते स्वाभाविकच तेलुगूचं. मुंबई दूरदर्शनवर १९७२पासून जे चाललं होतं, ते गच्चीवरच्या अँटेनाला इथे मिळणं शक्यच नव्हतं. आत्याने ती वर्षं सुट्टीत पुण्याला गेल्यावर नातेवाइकांच्या टीव्हीपुढे भरून काढली.

मग एक मोठी गोष्ट झाली. ९ जुलै २००० रोजी ई टीव्ही मराठी सुरू झाली, आणि तिचं केंद्र होतं हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी. महाराष्ट्रातून तरुण पत्रकारांची फौज इथे आली. मराठी बातम्या इथून वाचल्या जायच्या आणि नागपूर, कोल्हापूर, नाशिकच्या घरांत दिसायच्या. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांवर भाग झाले, तेही याच वाहिनीवर. काचीगुड्यापासून तीसेक किलोमीटरवरून मराठी वाहिनी आकाशात जात होती. ती सुमारे ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाकडे जायची, परत खाली यायची, आणि आत्याच्या माजघरात शिरायची ती केबलवाल्याने घेतली तरच. आत्याच्या गल्लीत कधी असायची, कधी नसायची. केबलवाल्याला दोष देत नाही मी. त्याची बहुसंख्य घरं तेलुगू, त्याच्याकडे वाहिन्यांना जागा मोजकी. १ फेब्रुवारी २०१९पासून ग्राहकाने आपल्या वाहिन्या आपण निवडायच्या असा नियम लागू झाला, तेव्हा आत्याने वहीत लिहून पहिल्यांदा स्वतःची यादी दिली. तोवर ई टीव्हीचं कलर्स मराठी होऊन चार वर्षं होत आली होती.

या सगळ्या इतिहासामुळे मला त्या बोटभर डबीचं अप्रूप आहे. यात वाहिनी कुणी घ्यायची हा प्रश्न नाही, वेळ कुणाची हा प्रश्न नाही. मात्र एक अट आहे. चित्र दिसलं म्हणजे काम झालं असं समजून आपण निघून आलो, तर परत तेच होतं. केबलवाल्याच्या जागी भाचरं येतात. काही अडलं की म्हाताऱ्या माणसाने फोन करायचा आणि आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाहून, नल्लगंडल्याहून, रविवारची वाट बघायला सांगायचं. आत्याला एकटीला ते परत सुरू करता आलं पाहिजे. तिथपर्यंत बसवणं पुरं झालं असं मी मानत नाही.

म्हणून भिंतीचा बंदोबस्त आधी केला. कोठीच्या गुजराती गल्लीत गेलो. स्पीकर, अँप्लिफायर, तारा, जोडण्या यांची ती गल्ली आतोबांना हातावरच्या रेषांसारखी पाठ. दुकानदाराने ओळखलं, ‘क्या साब, भोत दिनां के बाद?’ म्हणाला आणि लॅनची तार मोजून दिली. अशी तार १०० मीटरपर्यंत सहज चालते, आम्हाला त्याचा छोटासा भाग लागला. ती झरोक्यातून ओवून माजघरात आणली आणि तिच्या टोकाला दुसरा छोटा राउटर बसवला, त्याच नावाने आणि त्याच परवलीने. दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं जाळं काढलं असतं तर फोन एका जाळ्यात आणि स्टिक दुसऱ्या जाळ्यात, आणि फोनवरून टीव्हीवर काही पाठवताना दोघांना एकमेकांचा पत्ता लागला नसता. दोन्ही राउटर एकाच जाळ्याचे भाग राहतील असं जोडणं यात महत्त्वाचं. बहुतेक घरांत नेमकं इथेच अडतं.

मग आतोबांनी कालनिर्णयच्या गेल्या वर्षीच्या पानांच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं. चित्र धूसर झालं तर घाबरू नये, नेट मंद आहे. स्ट्रीमिंगमध्ये चित्रपट काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, प्रत्येक तुकडा बऱ्या-वाईट अशा अनेक प्रतींत ठेवलेला असतो, आणि डबी आपल्या वेगाला झेपेल ती प्रत मागवते. धूसर म्हणजे ती तग धरून आहे. गोल फिरत राहिलं तर हलकी प्रतही येत नाही. ‘सिग्नल नाही’ असं दिसलं तर टीव्ही दुसऱ्याच तोंडाकडे बघतोय, इनपुट बदला. वाय-फायच्या रेघा पूर्ण दिसतात तरी काही चालत नाही, तर रेघा फक्त राउटरपर्यंतची वाट सांगतात, त्यापुढचं सांगत नाहीत. पुढचं बघायला फायबरच्या पेटीकडे जा. एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाही, तार बाहेर तुटली आहे, घरात काहीही करू नका. आत्याने ते कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.

एका ठिकाणी मात्र आतोबांची पद्धत थांबली. पुण्यातल्या चुलतभावाच्या खात्यावर एक सेवा चालत होती. ती अचानक विचारू लागली, हे तुमचं घर आहे का? सांकेतिक अंक चुलतभावाच्या फोनवर जाणार, तो बैठकीत असणार, अंकांची मुदत संपणार. वीज ठीक, तार ठीक, नेट ठीक. वाटेचा मध्य तपासायला मध्यच सापडेना. आतोबा शांतपणे म्हणाले, ‘हा दोष नाही, ही परवानगी आहे.’ दोष माणसाला दुरुस्त करता येतो. परवानगी दुसऱ्याच्या हातात. आम्ही आत्याच्या नावाने, आत्याच्या फोन क्रमांकावर, तिला हव्या त्या मोजक्या सेवा घेतल्या. महिन्याचे पैसे जातात, पण अंक तिच्याच फोनवर येतात. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं खातं त्याच्याच नावाने असावं, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

आणि मग माळ्यावरून पत्र्याचा डबा खाली आला. त्यात कॅसेटी होत्या. गल्लीतल्या गणेशोत्सवात मराठी मंडळी नाटकं बसवत, त्यांची आतोबांनी केलेली ध्वनिमुद्रणं. आत्या स्वतः त्यांत काम करायची. परभणीचा हेल, हैदराबादची उर्दू वळणं, मधूनच प्रेक्षकांतून आलेली दखनी दाद, असं मराठी कुठल्याही सेवेच्या यादीत कधी येणार नाही. ते कुणी विकत घेणार नाही म्हणून कुणी ठेवणारही नाही.

कॅसेट संगणकात घ्यायला घाई चालत नाही. ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटंच घेते. जुन्या डेकचा रबरी पट्टा चिकट होऊन गेला होता, तो बदलला. काही कॅसेटींत फीत दाबून धरणारी बनातीची गादी गळून पडली होती, ती दुसऱ्या कॅसेटीतून काढून लावली. आवाज दबलेला येई तेव्हा आतोबा डेकच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत, आणि ‘स’, ‘श’ एकाएकी धारदार होत. मुद्रण केलं त्या यंत्राचा आणि या यंत्राचा कोन जुळला की होतं ते. बरी प्रत ठेवली तरी मिनिटाला साधारण एक मेगाबाइट. अख्ख्या डब्यातल्या कॅसेटी एका पेन ड्राइव्हवर मावतील. आम्ही त्या राउटरला जोडलेल्या छोट्या संगणकावर ठेवल्या आणि स्टिकवर घरच्या जाळ्यातून फाइल वाजवणारं एक अ‍ॅप टाकलं. पहिल्यांदा वीज गेली आणि आली तेव्हा सगळी नाटकं यादीतून नाहीशी झाली. राउटर पुन्हा उठला की यंत्राला नवा अंक देऊ शकतो, आणि स्टिक जुन्याच अंकावर शोधत होती. राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक कायमचा अंक राखून ठेवला.

ऑगस्ट २०२५मध्ये रामंतापूरला जन्माष्टमीच्या मिरवणुकीत रथाला विजेचा प्रवाह लागून पाच माणसं गेली. त्यानंतर वीज कंपनीने खांबांवर लोंबणाऱ्या केबली धडाधड कापायला घेतल्या. त्या जंजाळाकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलं नव्हतं. माणसं जाईपर्यंत थांबायला नको होतं. आत्याच्याही पेटीवर लाल दिवा लागला. आत्याने कपाट उघडून कागद वाचला आणि मला फोन केला तो दुरुस्तीसाठी नाही, बातमी द्यायला. लाईनवाला पोरगा ‘रेपु वस्ता, अम्मा’, उद्या येतो, म्हणून जायचा, त्याच्यावर ती चिडली नाही. तो पोरगाही खांबावर चढूनच काम करतो.

नेट नव्हतं, तरी राउटर चालू होते, छोटा संगणक चालू होता, आणि घरातल्या जाळ्याला बाहेरच्या तारेची गरज नसते. स्टिकचं मुख्य पान नेट नाही म्हणत रिकामं राहिलं, पण सेटिंग्जमधून आत गेलं की अ‍ॅप उघडत होतं. ही वाट कागदावर नव्हती. आत्याने ती स्वतः शोधून काढली, आणि शेजारच्या तेलुगू काकूंना बोलावून आपलं नाटक ऐकवलं. काकूंना शब्द न् शब्द कळला नाही, तरी आवाज ओळखून त्या प्रवेशाप्रवेशाला आत्याकडे बघत होत्या. त्यांच्याकडेही वडिलांच्या हरिकथेच्या कॅसेटी आहेत म्हणे. आतोबांनी त्या मागवून घेतल्यात. त्यांतल्या दोनांना बुरशी लागलीये, म्हणून त्या आधी घ्यायच्या, आमची उरलेली नाटकं मागून.